दोनशे तेरावा आणि पहिला

स्मरणिका समितीने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्ही एखाद्या सत्याग्रहावर किंवा एखाद्या लेण्यावर लिहू, अशीच समितीची अपेक्षा असणार. आजवरच्या स्मरणिकांत आम्ही तसेच लिहीत आलो. या वेळी मात्र आम्ही टेनिसविषयी, आणि त्यातही दुहेरीच्या एका खेळाडूविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. आपल्या शाळेच्या आवारात टेनिसचे कोर्ट कधी नव्हते, आजही नाही. वसतिगृहाच्या मागे सिमेंटचा एक चौथरा आहे. त्यावर चुन्याच्या रेषा आखून मुले बॅडमिंटन खेळतात. तरीही हा विषय आम्हांला निवडावासा वाटला, याचे कारण आमची एक जुनी चूक आहे. ती आधी सांगतो.

बरीच वर्षे झाली. आपल्या शाळेतील दोन मुले तालुक्याच्या शालेय स्पर्धेत बॅडमिंटन दुहेरीत पहिली आली. त्याच सुमारास जिल्ह्याबाहेर एक प्रशिक्षण शिबिर भरणार होते. शाळेच्या गंगाजळीत एकाच मुलाच्या प्रवासाचे व शुल्काचे पैसे निघत होते. कोणाला पाठवायचे, हे ठरविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही दोघांनाही समोर उभे केले आणि विचारले, "तुमच्या दोघांत चांगला कोण?" दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांतला एक म्हणाला, "सर, हा पुढे जाळीपाशी असला की मी चांगला खेळतो." आम्ही हसलो. दोघांचा एकेरीचा एक सामना लावला आणि जिंकला त्याला शिबिराला धाडले. तो तेथे एकेरीच्या पहिल्याच सामन्यात हरून परत आला. दुसऱ्याने त्यानंतर रॅकेट हातात धरली नाही. आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या मुलाने दिले होते, परंतु ते ऐकण्याची तयारी आमची नव्हती.

२९ जानेवारी २०२४ रोजी जागतिक टेनिसची नवी क्रमवारी प्रसिद्ध झाली. पुरुष दुहेरीत पहिल्या क्रमांकावर रोहन बोपण्णा या भारतीय खेळाडूचे नाव होते. त्या दिवशी त्यांचे वय ४३ वर्षे पूर्ण होऊन ४४ वे सरत आले होते. इतक्या वयाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू या क्रमवारीच्या इतिहासात त्यापूर्वी झाला नव्हता. दोनच दिवस आधी मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनच्या साथीने त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धेची पुरुष दुहेरी जिंकली होती. अंतिम सामन्यात इटलीच्या सिमोने बोलेली आणि आंद्रेया वावासोरी यांना त्यांनी ७-६, ७-५ असे हरविले. त्याच आठवड्यात पद्मश्री पुरस्काराच्या यादीतही त्यांचे नाव आले. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, ते योग्यच होते. आमचे लक्ष मात्र एका वेगळ्याच आकड्याकडे गेले. याच बोपण्णांचा एकेरीतील संपूर्ण कारकिर्दीतला सर्वोच्च क्रमांक २१३ आहे. तो त्यांनी २००७ मध्ये गाठला होता. माणूस तोच, खेळ तोच, हातातली रॅकेट तीच. एका मोजपट्टीवर तो दोनशे तेरावा आणि दुसरीवर जगात पहिला. गुणवत्ता या शब्दाचा आपल्या देशात जो उच्चरवाने जप चालतो, तो ऐकताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांला वाटते.

वाचकांपैकी अनेकांनी टेनिस फक्त दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले असेल. म्हणून थोडे खेळाविषयी. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात येतात आणि रुंदी ३६ फूट होते. माणसे दुप्पट झाली, जागा मात्र तिसऱ्या हिश्शानेच वाढली. त्यामुळे दुहेरीत मोकळी जागा कमी, वेळ त्याहून कमी. एकेरीचा खेळाडू मागच्या रेषेवरून वीस-वीस फटक्यांची झुंज देतो. दुहेरीत बहुतेक गुण चार-पाच फटक्यांत निकाली निघतो. सर्व्हिस करणाऱ्याचा साथीदार जाळीपाशी उभा असतो. तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो : चेंडू कोठे टाक, मी जागेवर राहणार की आडवा धावणार. मागच्याने त्या खुणेवर विश्वास ठेवून सर्व्हिस करायची आणि पुढच्याने मान न वळवता धाव घ्यायची. साथीदार काय करील हे पाहून हालचाल करणारा उशिरा पोहोचतो. ते आधीच ठाऊक असावे लागते. एकेरीतील मोठमोठे खेळाडू येथे गोंधळतात, ते याच कारणाने. "हा पुढे असला की मी चांगला खेळतो," हे आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य म्हणजे या खेळाचे अर्धे शास्त्र होते.

बोपण्णांचा जन्म ४ मार्च १९८० चा, बालपण कर्नाटकातील कूर्ग म्हणजे कोडगू जिल्ह्यातले. वडील कॉफीचे मळेवाले. मुलाने सांघिक खेळाऐवजी वैयक्तिक खेळ खेळावा, अशी वडिलांची इच्छा होती आणि म्हणून अकराव्या वर्षी त्यांच्या हाती टेनिसची रॅकेट आली. हॉकी आणि फुटबॉलही त्यांना आवडत असे. एकट्याचा खेळ म्हणून जो हाती दिला, त्यात त्यांनी नाव कमावले ते जोडीने खेळून. पालकांनी मुलांचे भवितव्य फार बारकाईने आखू नये, याला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही. पुढे प्रशिक्षणासाठी ते काही काळ आपल्या पुण्यातही होते. २००२ मध्ये त्यांनी भारतातर्फे डेव्हिस कप स्पर्धेत पदार्पण केले आणि २००३ पासून ते व्यावसायिक खेळाडू झाले. सर्व्हिस भेदक, फटक्यांत जोर विलक्षण, परंतु एकेरीत अव्वल शंभरांत जाणे काही साधले नाही. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी सारे लक्ष दुहेरीकडे वळविले.

येथेच 'दुहेरीचा विशेषज्ञ' हा शब्द येतो. ऐकायला तो गौरवाचा वाटतो, पण टेनिसच्या जगात त्याला एक छुपा डंख आहे. एकेरीत जमले नाही म्हणून इकडे आला, असा त्याचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. व्यवहारातही तो अर्थ दिसतो. ज्या ऑस्ट्रेलियन ओपनचा उल्लेख वर केला, तिथे २०२४ मध्ये एकेरीच्या विजेत्यास ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीस ७ लाख ३० हजार, आणि तेही दोघांत वाटून. एकेरीचे सामने भर गर्दीच्या मुख्य कोर्टावर, तर दुहेरीचे बाजूच्या कोर्टांवर, हा नेहमीचा रिवाज आहे.

एवढ्यावरच भागले असते तरी बरे. २००५ मध्ये पुरुष व्यावसायिक टेनिसचे संचालन करणाऱ्या एटीपी या संघटनेने दुहेरीचे सामने आखूड करण्याचे आणि प्रवेशात एकेरीच्या खेळाडूंना झुकते माप देण्याचे ठरविले. तेव्हा दुहेरीच्या खेळाडूंनी एकत्र येऊन अमेरिकेतील न्यायालयात दाद मागितली. त्यांत त्या काळची अग्रगण्य जोडी, ब्रायन बंधू, हेही होते. अखेर तडजोड झाली. दौऱ्यावरील सामन्यांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला आणि दुहेरीचे खेळाडू टिकून राहिले. संघटित होऊन कायद्याच्या दारात उभे राहिल्याशिवाय पंगतीतली जागा टिकत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये तर मिश्र दुहेरीचे रूपच पालटण्यात आले. केवळ १६ जोड्या. त्यांतल्या निम्म्या खेळाडूंच्या एकेरीतील क्रमांकांच्या आधारे निवडलेल्या, उरलेल्या निम्म्या आयोजकांच्या आमंत्रणाने आलेल्या. विजेत्या जोडीचे बक्षीस वाढवून १० लाख डॉलर करण्यात आले, आणि दुहेरीत आयुष्य घालविलेल्या बहुसंख्यांना दार बंद झाले. आदल्या वर्षीचे विजेते, इटलीच्या सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी, यांनाही आमंत्रणावरच आत यावे लागले. या बदलाविरुद्ध त्यांनी जाहीरपणे आवाज उठविला होता. मग ते कोर्टावर उतरले आणि एकेरीतील नामवंतांना हरवीत अंतिम सामन्यात इगा श्वियांतेक आणि कॅस्पर रूड यांनाही पराभूत करून पुन्हा विजेते ठरले. हे वावासोरी म्हणजे मेलबर्नला बोपण्णांकडून हरलेलेच. ज्याला तुम्ही दुय्यम म्हणता, ते काम तुम्हांला जमते का, एवढाच प्रश्न त्या दोघांनी खेळून विचारला.

आता बोपण्णांच्या जोडीदारांविषयी. दुहेरीच्या खेळाडूचे चरित्र म्हणजे त्याच्या साथीदारांचे चरित्र. बोपण्णांना आयुष्यभराचा एक जोडीदार लाभला नाही. ब्रायन बंधूंसारखे ते जुळ्या भावाबरोबर जन्मले नव्हते. डझनाहून अधिक सहकाऱ्यांबरोबर त्यांना पुन्हा पुन्हा नव्याने सूर जुळवावा लागला. त्यांत पहिला मोठा सहकारी पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी. २०१० मध्ये ही जोडी अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतील भारताचे आणि पाकिस्तानचे राजदूत प्रेक्षकांत एकत्र बसून सामना पाहत होते. युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा, अशा आशयाचा संदेश या दोघांनी सदऱ्यांवर मिरविला. सामना ते दोन टायब्रेकमध्ये ब्रायन बंधूंकडून हरले. परंतु त्या वर्षी टेनिसमधील मानवतावादी कार्याचा आर्थर अ‍ॅश यांच्या नावाचा पुरस्कार या जोडीस मिळाला. वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेल्या कृष्णवर्णीय विजेत्याच्या नावाचा पुरस्कार, तोही एका भारतीयाला आणि एका पाकिस्तानीला मिळून. इतिहासाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

परंतु केवळ गौरवगाथा लिहिणे हे आमचे काम नव्हे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी भारतीय टेनिसमध्ये जो कलह झाला, त्यात बोपण्णाही होते. महेश भूपती आणि बोपण्णा या दोघांनीही लिअँडर पेस यांच्याबरोबर खेळण्यास नकार दिला. बराच वाद होऊन अखेर दोन जोड्या पाठविण्यात आल्या आणि दोन्ही दुसऱ्या फेरीत बाद झाल्या. कोणाचे किती चुकले, याचा निवाडा आम्ही येथे करणार नाही. एवढेच म्हणू, की गुण असलेली माणसे एकत्र आली नाहीत म्हणजे काय होते, याचा तो धडा होता. आपल्या संस्था, आपले पक्ष आणि आपल्या समित्या यांचा गेल्या काही दशकांचा इतिहास ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हा धडा परका वाटणार नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झा यांच्याबरोबर बोपण्णा पदकाच्या अगदी जवळ गेले आणि चौथ्या स्थानावर राहिले. ऑलिंपिक पदक त्यांना कधीच मिळाले नाही. २०१७ मध्ये मात्र कॅनडाच्या गॅब्रिएला डब्रोव्स्की यांच्या साथीने त्यांनी फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे दोन मॅच पॉइंट त्यांनी वाचविले. पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळाले तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. त्या वयात बहुतेक टेनिसपटू समालोचकाच्या खुर्चीत बसलेले असतात.

महाराष्ट्राशी या कथेचा संबंध येतो तो २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत. तेथे पुरुष दुहेरीत बोपण्णा लवकर बाद झाले. उरली मिश्र दुहेरी. साथीला आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले होती. वयाने त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान, अनुभवाने त्याहूनही. अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-३ असा जिंकला आणि टायब्रेक १०-४ ने घेऊन दोघांनी सुवर्णपदक मिळविले. मोठ्याने लहानाला सांभाळून घेतले, असे म्हणून आपण हा विजय सहज मोकळा करतो. पण दुहेरीत दुबळ्या वाटणाऱ्या साथीदारावरच प्रतिस्पर्धी चेंडू मारत राहतात. तेव्हा तो स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला नाही, तर शेजारचा कितीही मोठा असला तरी सामना वाचत नाही. ते सुवर्ण दोघांचे होते आणि निम्मे निम्मे होते.

आता त्या वर्षांविषयी, ज्यांच्यामुळे आम्हांला ही कारकीर्द आपल्या शाळेतील मुलांना सांगावीशी वाटते. २०२१ च्या आरंभी पाच महिने बोपण्णांना एकही सामना जिंकता आला नव्हता. वय ४१. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली. आता पुरे, असा निरोप त्यांनी पत्नीला चित्रफितीवरून पाठविलाही होता. मेलबर्नच्या विजयानंतर बोलताना त्यांनी स्वतःच ही आठवण सांगितली. ते थांबले नाहीत. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात राहून जी योगपद्धती जगाला शिकविली, तिच्या नियमित अभ्यासाने गुडघ्यांचे दुखणे आटोक्यात आले, असे ते सांगतात. प्रशिक्षक स्कॉट डेव्हिडॉफ वर्षानुवर्षे सोबत राहिले. २०२३ पासून एब्डनशी जोडी जमली. मार्च २०२३ मध्ये इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकून ते मास्टर्स दर्जाच्या स्पर्धेचे सर्वांत वयस्क विजेते ठरले. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत ते पुन्हा पोहोचले. पहिल्या आणि दुसऱ्या ग्रँड स्लॅम पुरुष दुहेरी अंतिम सामन्यांत तेरा वर्षांचे अंतर होते.

तो सामनाही ते हरले, पण त्यातली एक घटना आम्ही दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो. निर्णायक तिसऱ्या सेटमध्ये एब्डनचा फटका बोपण्णांच्या दंडाला निसटता स्पर्श करून पलीकडे गेला आणि गुण मिळाला. पंचांच्या ते लक्षात आले नव्हते. बोपण्णांनी स्वतः पुढे होऊन सांगितले, की चेंडू मला लागला आहे. गुण प्रतिस्पर्ध्यांना गेला. आयुष्यभर ज्या चषकासाठी धावपळ केली, तो हाताच्या अंतरावर असताना हे सांगणे सोपे नसते. पाच महिन्यांनी मेलबर्नला तोच दर्जाचा चषक त्यांच्या हाती आला. ती त्यांची कारकिर्दीतील ६१ वी ग्रँड स्लॅम पुरुष दुहेरी स्पर्धा होती. सचोटीचे फळ मिळाले, असे आम्ही म्हणणार नाही, कारण सचोटीने वागणाऱ्या सर्वांनाच चषक मिळत नाहीत. चषक मिळाला नसता, तरी त्या दिवशी ते बरोबरच वागले होते.

येथे एक आक्षेप आम्हीच आमच्यापुढे ठेवतो, कारण आपल्या समाजातील जाणता वाचक तो ठेवणारच. कॉफीच्या मळेवाल्याच्या मुलाला वीस वर्षे वाट पाहता येते. एका आठवड्यात एका देशात, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या देशात जाणे, प्रशिक्षक सोबत नेणे, दुखापतीवर उपचार घेणे, हा खर्च ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचे लेकरू कोठून करणार? आक्षेप खरा आहे. चिकाटी ही केवळ मनाची शक्ती नसते. पायांखाली जमीन असावी लागते. ज्याला पहिल्याच अपयशानंतर मजुरीला जावे लागते, त्याच्यात चिकाटी नव्हती असे म्हणणे हा अन्याय आहे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तो पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे.

आपल्याच महाराष्ट्रातील एक दाखला आठवतो. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता, नेट्समध्ये साहेबांना चेंडू टाकता टाकता ते घडले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही त्यांना चहा वेगळ्या पात्रात, तंबूबाहेर दिला जाई, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. पुढे बाबासाहेबांचा आणि बाळूंचा राजकीय मार्ग वेगळा झाला, तो भाग निराळा. सांगायचे इतकेच, की बाळूंच्या काळी मोजपट्टी हाती धरणारा आधी जात पाहत असे आणि मग बळी मोजत असे. आज मोजपट्टी उघडपणे जात विचारत नाही. ती सोळाव्या वर्षीची टक्केवारी विचारते, आणि त्या टक्केवारीमागे कोणाच्या पायांखाली किती जमीन होती, हे विचारायचे विसरते.

म्हणून बोपण्णांच्या कारकिर्दीचा बोध "प्रयत्न करा, यश मिळेल" एवढाच काढला तर तो अपुरा ठरेल. आम्हांला त्यातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, एका मोजपट्टीवर मागे पडलेला माणूस दुसरीवर सर्वांत पुढे असू शकतो. तेव्हा निकाल लावण्याआधी मोजपट्टी तपासा. दुसरी, काही गुण शेजारी कोणी असल्याशिवाय प्रकटच होत नाहीत. त्यांना एकटे उभे करून तपासणे म्हणजे मासा काठावर ठेवून त्याचे पोहणे पाहणे. तिसरी, उशिरा पिकणाऱ्या फळासाठी झाड तोवर उभे ठेवावे लागते, आणि ते काम फळाचे नसते. बोपण्णांनीही हे ओळखले. भारतातील दुहेरीच्या खेळाडूंना प्रशिक्षक आणि उपचार यांचा आधार मिळावा, म्हणून 'डबल्स ड्रीम ऑफ इंडिया' हा उपक्रम त्यांनी स्वतः खेळत असतानाच सुरू केला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोवर एटीपीची २६ दुहेरी विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. एकेरीचे एकही नाही.

आता आपल्या शाळेकडे. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर गुणवंतांचा फलक आहे. दरवर्षी दहावीला पहिल्या आलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव त्यावर सोनेरी रंगात लिहिले जाते. त्या नावांविषयी आम्हांला आदरच आहे. त्यांतले अनेक जण आज मोठ्या पदांवर आहेत आणि शाळेला विसरलेले नाहीत. परंतु अभ्यासिकेत रात्री बसून मागे पडलेल्या मित्राला गणित शिकविणाऱ्या मुलाचे नाव कोणत्या फलकावर आहे? दोघींनी मिळून विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प मांडला, तेव्हा प्रमाणपत्र एकीच्याच नावाचे आले. दुसरीचे नाव आपण कोठे नोंदविले? जोडीने, गटाने केलेल्या कामाची नोंद करणारा एक फलक त्या फलकाशेजारी लागावा, ही आमची पहिली सूचना आहे. त्याला खर्च फारसा नाही. लागते ती दृष्टी.

दुसरी सूचना माजी विद्यार्थ्यांना आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाची शिष्यवृत्ती त्या त्या वर्षीच्या गुणांवर दिली जाते. तिचा एक हिस्सा अशांसाठी राखून ठेवावा, जे एकदा मागे पडले आणि पुन्हा उभे राहू पाहत आहेत. दहावीत नापास होऊन दोन वर्षांनी पुन्हा बसणारा, शिक्षण सोडून कामाला लागलेला आणि पंचविशीत आयटीआयला जाऊ इच्छिणारा, लग्नानंतर पदवी पुरी करू पाहणारी मुलगी. त्यांच्या पायांखाली थोडी जमीन आपण व्हावे. आपल्यापैकी कित्येकांच्या पायांखाली कोणीतरी अशीच जमीन झाले होते, म्हणूनच आज आपण ही स्मरणिका हाती घेऊन वाचत आहोत.

राहिली आमची चूक. ती दोन्ही मुले आज चाळिशीकडे झुकलेली, संसारी माणसे आहेत. माजी विद्यार्थ्यांना स्मरणिका पाठविली जातेच, तेव्हा हा अंक त्यांच्याही हाती पडेल. त्या दिवशी आम्ही विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तुम्ही दोघे मिळून चांगले होता, आणि पैसे एकाचेच होते तर आम्ही दुसऱ्याचे उभे करायला हवे होते. हे सांगायला आम्हांला फार वर्षे लागली, याबद्दल आम्ही तुमची क्षमा मागतो. वसतिगृहामागच्या चौथऱ्यावर संध्याकाळी अजूनही मुले खेळतात. चार जण असले की आम्ही दुहेरी लावतो, आणि सामना संपल्यावर चांगला कोण, हे आता विचारत नाही.